स्थायी निधी कुणाच्या हाती द्यावा?

बेळगाव, खानापूर, निपाणी पट्ट्यातल्या जुन्या मराठी शाळेच्या स्नेहसंमेलनात बक्षिसांची यादी वाचायला घेतली की एक ओळ हमखास येते: 'कैलासवासी अमुक यांच्या स्मरणार्थ ठेवलेल्या 1,001 रुपयांच्या ठेवीतून'. ठेव 1972 सालची असेल, तर तेव्हा सोन्याचा भाव तोळ्याला दोनशे रुपयांच्या आसपास होता. म्हणजे देणाऱ्यानं शाळेला जवळजवळ पाच तोळे सोनं दिलं होतं. आज त्या ठेवीवर सात टक्के धरले तर वर्षाला 70 रुपये व्याज येतं, आणि 70 रुपयांत एक लाँगबुक येतं. ठेव कुणी खाल्लेली नाही. हिशेबात पैशाची गफलत नाही, लेखापरीक्षकाचा शेराही निरंक. तरी पाच तोळ्यांचं लाँगबुक झालं, कारण पैशाचं मोल टिकवणं हे त्या संस्थेत कुणाचंच काम नव्हतं.

मुंबई, पुणे, बंगळूरमध्ये फंड हाऊस, बँक किंवा विमा कंपनीत वीस-पंचवीस वर्षं गुंतवणुकीचं काम केलेली या भागातली माणसं आता पन्नाशीत येत आहेत. त्यांतल्या काहींना गावाकडच्या ट्रस्टचं, फाउंडेशनचं काम पूर्णवेळ हाती घ्यावंसं वाटतं. संस्थांमधून मात्र विरोधाचा सूर निघतो. 'पैशाचा माणूस सेवेच्या खुर्चीवर कशाला? तो शाळेचा धंदा करील.' ही शंका खोटी नाही आणि तिच्याकडे आपण पुढे येऊ. पण आमचं मत स्पष्ट आहे: असा माणूस प्रमुखपदी हवा. ठेवीवर जास्त परतावा काढून देण्यासाठी तो लागत नाही. विश्वस्तांच्या बैठकीत आकडे मांडून 'हे करता येणार नाही' असं सांगण्यासाठी तो लागतो. सीमाभागातल्या संस्थांना ही गरज अधिक आहे. 1956 पासून या संस्था दोन राज्यांच्या मधोमध उभ्या आहेत. अनुदान कधी येईल, किती येईल, कुठल्या अटीवर येईल याची खात्री नसते. अशा संस्थेचा खरा आधार लोकांनी दिलेला स्थायी निधीच असतो, म्हणजे मुद्दल न मोडता ज्याच्या उत्पन्नावर काम चालवायचं तो पैसा.

आता हिशेब. संस्थेकडे 50 लाखांचा स्थायी निधी आहे आणि सगळा मुदत ठेवीत सात टक्क्यांनी आहे असं धरू. वर्षाचं व्याज 3,50,000 रुपये. धर्मादाय संस्थेला करमाफी हवी असेल तर उत्पन्नाचा 85 टक्के भाग उद्दिष्टांवर खर्च करावा लागतो, म्हणजे 2,97,500 रुपये. बिनशर्त शिल्लक ठेवता येतात ते 15 टक्के, म्हणजे 52,500 रुपये. महागाई पाच टक्के धरली तर निधीचं मोल जागच्या जागी राहण्यासाठी दरवर्षी अडीच लाखांची भर पडायला हवी. पडते साडेबावन्न हजारांची. दरवर्षी जवळपास दोन लाखांची खोट. या गतीनं निधीची खरेदीशक्ती साधारण अठरा वर्षांत निम्मी होते. म्हणजे सगळा निधी मुदत ठेवीत ठेवून कायदा तंतोतंत पाळणारी, अत्यंत प्रामाणिक संस्थासुद्धा हळूहळू गरीबच होत जाते. विश्वस्त बदलले तरी हा हिशेब बदलत नाही.

85 टक्क्यांच्या नियमातून थोडी सवलत आहे. ठरावीक कामासाठी, उदाहरणार्थ वसतिगृहाच्या इमारतीसाठी, आयकर खात्याचा ठरावीक अर्ज भरून उत्पन्न पाच वर्षांपर्यंत साठवता येतं. पण ती रक्कम त्याच कामावर खर्चावी लागते. महागाईशी झुंजायला ती उपयोगाची नाही.

मग उपाय काय? 1961 च्या आयकर कायद्यातल्या कलम 11(5) मध्ये धर्मादाय संस्थेनं पैसा कुठे ठेवावा याची यादी आहे. 1 एप्रिल 2026 पासून 2025 चा नवा कायदा लागू झाला आणि कलमांचे आकडे बदलले, तरी लोक अजून जुन्याच आकड्यानं बोलतात. त्या यादीत सरकारी रोखे आहेत, पोस्टाची बचत आहे, शेड्यूल्ड (रिझर्व्ह बँकेच्या यादीतल्या) बँकेतल्या आणि बँकिंग व्यवसाय करणाऱ्या सहकारी संस्थेतल्या ठेवी आहेत, स्थावर मालमत्ता आहे. नियमांनी म्युच्युअल फंडाची युनिट्सही त्यात घेतली आहेत. खासगी कंपनीचे शेअर थेट घेणं त्यात बसत नाही. कुणी देणगी म्हणून शेअर दिले, तर ज्या आर्थिक वर्षात ते मिळाले ते संपल्यापासून एका वर्षाच्या आत विकून पैसा यादीतल्या मार्गानं ठेवावा लागतो.

आता तेच 50 लाख दोन भागांत ठेवून पाहा. 30 लाख मुदत ठेवी आणि सरकारी रोख्यांत, 20 लाख इंडेक्स फंडाच्या, म्हणजे शेअर निर्देशांकाप्रमाणे पैसा लावणाऱ्या म्युच्युअल फंडाच्या, ग्रोथ पर्यायात; त्यात नफा वाटला जात नाही, युनिटच्या किमतीतच वाढत राहतो. तीस लाखांवर सात टक्क्यांनी 2,10,000 व्याज येतं. त्यातले दोन लाख खर्च केले की 85 टक्क्यांची अट सहज पुरी होते, कारण ग्रोथ युनिट्सची वाढ विक्री होईपर्यंत उत्पन्नात धरली जात नाही. खर्चाचं प्रमाण झालं निधीच्या चार टक्के. वीस लाखांनी दीर्घ मुदतीत दहा-अकरा टक्के दिले तर महागाईची खोट बहुतेक भरून निघते. हमी कुणी देऊ शकत नाही, आणि देणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. शेअरचा भाग फुगून निम्म्यावर गेला की थोडी युनिट्स विकून सगळे पैसे पुन्हा भांडवली गुंतवणुकीत घालायचे. तसं केलं की तो नफा खर्च झाल्यासारखाच धरण्याची सोय कायद्यात आहे.

पण या योजनेत एक दुखरी जागा आहे. पहिल्या वर्षी वाटायला 2,97,500 ऐवजी दोन लाखच राहतात. शिष्यवृत्त्या एक तृतीयांशानं कमी होतात. जूनमध्ये दाराशी आलेल्या मुलांपैकी दर तिसऱ्याला 'यंदा नाही' म्हणावं लागतं, ते दहा-वीस वर्षांनी येणाऱ्या मुलांसाठी. समाजात वावरणाऱ्या विश्वस्ताला हे जमत नाही, आणि त्यात त्याचा दोष नाही. त्याच्या ओळखीच्या बाईचा मुलगा दाराशी उभा असतो. हे काम ज्याच्यावर सोपवायचं तो माणूस कार्यकारी प्रमुख हवा, आणि नकाराचं कारण त्याला आकड्यांत सांगता यायला हवं.

जगातल्या सर्वांत प्रसिद्ध धर्मादाय निधीलाही हे चुकलं नाही. आल्फ्रेड नोबेल यांच्या मृत्युपत्रात पैसा 'सुरक्षित रोख्यांत' ठेवावा असं होतं. तो शब्दशः पाळला गेला आणि महागाई व करांनी पारितोषिकाचं मोल इतकं खाल्लं की 1920 च्या दशकात ते नीचांकाला गेलं. 1946 मध्ये करमाफी मिळाली, 1953 मध्ये शेअर आणि स्थावर मालमत्तेत गुंतवणुकीची मोकळीक मिळाली, तेव्हा कुठे ते सावरलं. पुढे 2012 मध्ये फाउंडेशननं पारितोषिक एक कोटी क्रोनरवरून 80 लाखांवर आणलं. तेव्हा कार्यकारी संचालक होते लार्स हाइकेन्स्टेन, स्वीडनच्या मध्यवर्ती बँकेचे माजी गव्हर्नर. वीस टक्के कपात कुणाला आवडणार? पण 2017 मध्ये रक्कम 90 लाख झाली, 2020 मध्ये पुन्हा एक कोटी, आणि 2023 मध्ये एक कोटी दहा लाख. खुर्चीवर भिडस्त माणूस असता तर ही कपात झाली नसती.

आता आपल्याकडच्या सगळ्यांत नाजूक विषयाकडे. बेळगाव, चिकोडी, निपाणी, संकेश्वर या भागात सहकार रक्तात आहे. पतसंस्था आणि कर्नाटकच्या सौहार्द कायद्याखालच्या सहकारी संस्था गावोगावी आहेत, आणि पुष्कळ ठिकाणी त्यांचे चेअरमन किंवा संचालकच शाळेचे, वाचनालयाचे विश्वस्त असतात. ठेव तिकडे वळवण्याची सूचना बैठकीत सहज येते: 'आपलीच संस्था आहे, दीड टक्का जास्त देते.' इथे तीन गोष्टी एकदम बिघडतात.

पहिली कायद्याची. परवानगीच्या यादीत बँकिंग व्यवसाय करणारी सहकारी संस्था आहे. रिझर्व्ह बँकेचा परवाना नसलेली पतसंस्था त्यात बसते असं गृहीत धरणं धोक्याचं आहे. ठेव यादीबाहेरची ठरली तर त्या उत्पन्नावर करमाफी जाते आणि तीस टक्के दरानं कर लागू शकतो. दुसरी गोष्ट विम्याची. बँकेतल्या ठेवीला फेब्रुवारी 2020 पासून प्रत्येक ठेवीदारामागे, त्या बँकेच्या सगळ्या शाखा मिळून, पाच लाखांपर्यंत विमा आहे, आणि परवानाधारक सहकारी बँकाही त्यात येतात. पतसंस्थेतल्या ठेवीला हे कवच नाही. विमा असला तरी मनस्ताप टळत नाही. सप्टेंबर 2019 मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खात्यातून हजार रुपयेच काढता येत होते. त्या आठवड्यात शिक्षकांचे पगार असतील तर काय करायचं? तिसरी गोष्ट हितसंबंधांची. विश्वस्ताचा किंवा त्याच्या नातेवाइकाचा मोठा हिस्सा असलेल्या ठिकाणी ट्रस्टचा पैसा घालायला कायद्याची वेगळी बंदी आहे, आणि तपासणीत सर्वांत आधी तिकडेच नजर जाते.

यावर भाषण लागत नाही, एक भागाकार पुरतो. दहा लाखांवर दीड टक्का जादा म्हणजे वर्षाला 15,000. मुद्दल बुडालं तर ते या जादा व्याजातून भरून यायला जवळपास 67 वर्षं लागतील. कर्ज देण्यापूर्वी किंवा रोखा घेण्यापूर्वी असा भागाकार करणं ही गुंतवणुकीच्या धंद्यातली रोजची सवय आहे. गावातल्या संबंधांत वाढलेल्या कार्यवाहाला तो बैठकीत मोठ्यानं करणं अवघड जातं. 'काका, तुमच्या संस्थेवर अविश्वास नाही, पण नियमात बसत नाही' हे सांगायला पाठीशी लेखी धोरण लागतं. म्हणून नव्या प्रमुखाचं पहिल्या तिमाहीतलं पहिलं काम म्हणजे दोन पानांचं गुंतवणूक धोरण. कुठे ठेवायचं, कुठे मुळीच नाही, एका बँकेत जास्तीत जास्त किती, खर्चाची टक्केवारी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निधीवर किती, आणि अपवाद करायचा असेल तर कुणाच्या सहीनं. ते विश्वस्त मंडळाच्या ठरावानं मंजूर झालं पाहिजे आणि मराठीत असलं पाहिजे. इंग्रजी धोरणावर सह्या होतात, पण ते वाचलं जात नाही.

ठेवीसुद्धा नीट लावाव्या लागतात. तीस लाख एकाच तारखेला एकाच बँकेत घालू नयेत. सहा-सहा लाखांच्या पाच ठेवी एक ते पाच वर्षांच्या मुदतीनं लावल्या की दरवर्षी एक सुटते आणि ती पुन्हा पाच वर्षांसाठी ठेवता येते. व्याजदर पडले तरी सगळ्या निधीला एकदम झळ बसत नाही. दीड वर्षाचा पगार आणि शिष्यवृत्त्या पुरतील एवढी रक्कम यातूनही बाजूला, चटकन निघेल अशी हवी. शेअरचा भाग ठेवणाऱ्याचं या राखीव रकमेशिवाय चालतच नाही. जानेवारी 2008 मध्ये 21 हजारांवर पोचलेला सेन्सेक्स मार्च 2009 मध्ये आठ हजारांच्या आसपास होता. तेव्हा खर्चासाठी विकावं लागलं त्यांचा तोटा कायमचा झाला. वाट पाहू शकले ते 2010 च्या अखेरीला जागेवर आले.

आणि कागद. जुन्या संस्थांचं घोडं अडतं ते इथे. मुदत ठेव संस्थेच्या नावाऐवजी कार्यवाहाच्या नावावर, त्याच्याच पॅनवर असते. कार्यवाह वारले की वारस, वारस प्रमाणपत्र, कोर्ट. किंवा बँकेकडे संस्थेचा पॅन नसतो आणि व्याजावर टीडीएस कापला जाऊन परताव्यासाठी वर्ष जातं. फंडात खातं उघडायला घटना किंवा ट्रस्ट डीड, नोंदणी प्रमाणपत्र, विश्वस्तांची अद्ययावत यादी आणि ठराव लागतो. डीड पन्नास वर्षांपूर्वीचं, झिजलेल्या मराठी किंवा मोडी अक्षरांतलं. नोंदणी कार्यालयाचे दाखले कन्नडमध्ये. समोरचं कार्यालय मागतं इंग्रजी. प्रमाणित भाषांतरं एकदाच नीट करून घेतली तर पुढची दहा वर्षं सोपी जातात. विश्वस्तांची यादी मात्र दरवर्षी वार्षिक सभेनंतर नोंदणी कार्यालयात गेली पाहिजे. तीन वर्षं राहिली की सही कुणाची चालते यावरच वाद सुरू होतो.

पावतीवरचा एक शब्दसुद्धा महाग पडतो. देणगी स्थायी निधीसाठी आहे असं दात्यानं लेखी दिलं असेल तरच ती रक्कम 85 टक्क्यांच्या हिशेबातून बाहेर राहते, आणि तीही वेगळी ओळखता येईल अशी परवानगीच्या मार्गानं ठेवली असेल तरच. नुसतं 'देणगी मिळाली' लिहिलं की ते त्या वर्षाचं उत्पन्न. गणपतीत, शताब्दी वर्षात गोळा झालेले लाखो रुपये या एका शब्दापायी खर्चावे लागतात. कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या (सीएसआर) पैशावर तर भिस्त ठेवूच नये. 2021 पासून तो स्थायी निधीत घातलेला चालत नाही, प्रकल्पावरच खर्चावा लागतो.

इथपर्यंत गुंतवणूकवाल्याच्या बाजूनं बोललो. आता त्याच्यापासूनचा धोका.

तालुक्याचा नकाशा पुढ्यात ठेवून तो विचारेल: एका मुलामागे खर्च किती? बेळगाव शहरात टिळकवाडीतल्या अभ्यासिकेत समजा दोन हजार. खानापूरच्या पश्चिमेला कणकुंबी, जांबोटी, आमगावकडच्या वाड्यांत सहा हजार. तिथे पावसाळ्यात रस्ता तुटतो, मुलं थोडी आणि विखुरलेली, शिक्षिकेला राहण्याची सोय करावी लागते. पोर्टफोलिओची सवय सांगते की महागडं काम बंद करा, त्याच पैशात शहरात तिप्पट मुलं होतील. कागदावर हे बरोबर आहे आणि ट्रस्टच्या दृष्टीनं साफ चूक. टिळकवाडीतल्या मुलाला अभ्यासिका मिळाली नाही तर तो दुसरीकडे जातो. कणकुंबीकडच्या मुलीला मिळाली नाही तर सातवीनंतर तिची शाळा सुटते. म्हणून विचारायचा प्रश्न असा: आपण हे काम केलं नाही तर कुणाचं काय थांबतं? गुंतवणुकीतल्या चांगल्या माणसाला हा प्रश्न नवा नाही. पैसा इथे घातल्यानं नेमका फरक किती पडतो, हे तो रोजच तपासत आलेला असतो. त्याला गाव माहीत नसतं, एवढंच.

या बाबतीत आशीष धवन यांचं उदाहरण पाहण्यासारखं आहे. 1999 मध्ये सुरू झालेल्या क्रिसकॅपिटल या खासगी गुंतवणूक कंपनीचे ते सहसंस्थापक. 2012 मध्ये ते बाहेर पडले, सेंट्रल स्क्वेअर फाउंडेशन काढलं आणि लक्ष एकवटलं ते लहान मुलांच्या वाचन-गणिताच्या पायावर. दहा ठिकाणी थोडं थोडं टाकण्यापेक्षा एका जागी खोल जाण्याची ही शिस्त गुंतवणुकीतूनच येते, आणि आपल्या संस्थांमध्ये तिची मोठी वाण आहे. एकच ट्रस्ट वह्या वाटतो, रक्तदान शिबिर घेतो, व्याख्यानमाला चालवतो, स्मशानशेड बांधतो आणि वर्षअखेर कशाचाच हिशेब लागत नाही. पण आपण हे मानायलाच हवं की मोठ्या शहरातल्या फाउंडेशनकडे अभ्यासकांची फौज असते. निपाणीतल्या तंबाखू आणि विडी कामगारांच्या मुलींसाठी काम करणाऱ्या छोट्या ट्रस्टकडे दोन कार्यकर्त्या आणि एक हिशेबनीस असतो. तिथल्या प्रमुखाला खुर्चीवर बसून गाव कळणार नाही.

म्हणून आमची अट एकच आहे आणि ती नेमणूकपत्रात लिहावी. पहिले बारा महिने नव्या प्रमुखानं निधीची घडी बसवावी, पण चालू असलेला एकही उपक्रम बंद करू नये. महिन्यातले आठ दिवस फिरतीत, त्यातले निम्मे चिकोडी-अथणीच्या कृष्णाकाठी आणि खानापूरच्या जंगलपट्ट्यात. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी घराघरांत शिरलं तेव्हा कुठली मदत तीन दिवसांत लागली आणि कुठली तीन महिन्यांनी, हे तिथल्या शिक्षिका सांगतील. राखीव निधी किती ठेवायचा हे त्यावरून ठरतं. आणि कन्नड. मराठी घरातली असून कन्नडमध्ये अर्ज लिहिता न येणारी माणसं आपल्यात पुष्कळ आहेत. पण पालक मराठी, तहसीलदार कार्यालय कन्नड आणि देणगीदाराचा अहवाल इंग्रजी, अशा ठिकाणी प्रमुखाला तिन्ही भाषांत निदान वाचता तरी आलं पाहिजे.

पगाराबद्दल आडपडदा नको. पूर्ण वेळ काम करणाऱ्याला वाजवी पगार द्यावा. तो मुंबईतल्या पगाराच्या एक तृतीयांश असला तरी चालेल, पण 'मानद' म्हणून जबाबदारी सैल करू नये. मानद माणसाला तारीख विचारता येत नाही. त्याच वेळी पगाराच्या बदल्यात एक गोष्ट काढून घ्यावी: ठेव मोडण्याची सही एकट्याची नसावी. प्रमुख, एक विश्वस्त आणि संस्थेशी संबंध नसलेला एखादा सनदी लेखापाल किंवा निवृत्त बँक अधिकारी, अशा तिघांपैकी दोघांच्या सहीनंच पैसा हलावा. अमेरिकेतलं जेएच्ट फाउंडेशन 2009 च्या जानेवारीत बंद पडलं, कारण त्याच्या देणगीदारांचा पैसा गुंतवणूकदारांना फसवणाऱ्या बर्नार्ड मॅडॉफकडे होता. मॅडॉफकडे पैसा ठेवणाऱ्यांत पैशातल्या जाणत्यांची कमतरता नव्हती. हुशार माणसावरही लेखी चौकट लागते.

मुलाखतीला बोलावलं की उमेदवाराच्या पुढ्यात संस्थेचा मागचा ताळेबंद ठेवावा आणि अर्धा तास द्यावा. तो आधी परताव्याचा दर विचारतो की ठेवी कुणाच्या नावावर आहेत हे विचारतो, तेवढं पाहावं. मग त्याला शाळेच्या बक्षिसांची ठेव यादी दाखवावी, 1,001, 501, 251 रुपयांच्या त्या नावांची, आणि विचारावं की या ठेवींचं तो काय करील. सगळ्या एकत्र करून मोठी रक्कम गुंतवावी असं तो म्हणेल, ते बरोबरच आहे. त्यानंतर बक्षीस देताना ती नावं वाचायची की नाही, हे त्यानं आपणहून विचारलं, तर पुढची बोलणी करावी.